एकवीस दिवस अळणी

वैनीसाहेबांनी माझ्या पत्रावळीवरची मिठाची चिमूट चपलेच्या टोकाने खाली पाडली.

मीठ आईने वाढलं होतं, हाताच्या सवयीने. पान वाढायचं म्हणजे आधी मीठ, मग बाकीचं. चप्पल पुढे आली, पत्रावळीच्या कडेला टेकली, एक झटका दिला. मीठ मातीत गेलं. चपलेचं टोक जाता जाता माझ्या भाकरीलाही घासून गेलं.

"अळणी म्हंजे अळणी. एकवीस दिवस," वैनीसाहेब म्हणाल्या. "खा आता. सगळ्यांसमोर खा. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलत हुतीस न्हवं?"

निपाणीतली तंबाखूची वखार. दुपारची जेवणाची सुट्टी. अंगणात वीस-बावीस बायका डबे उघडून बसलेल्या, त्यांत माझी आई. वैनीसाहेब म्हणजे वखारीच्या मालकीणबाई. वखारीमागच्या ज्या पत्र्याच्या खोलीत आम्ही राहत होतो, तीही त्यांचीच. मी सोळा वर्षांची. बायकांपासून चार हात लांब, पोत्यावर, एकटी.

मी खाल्लं. चप्पल लागली होती तो तुकडासुद्धा मोडून बाजूला ठेवला नाही. खाल्ला. हे सांगताना आजही माझे कान तापतात. एकही बाई माझ्याकडे बघत नव्हती. सगळ्या आपापल्या डब्यात बघत होत्या, जणू डब्यात काहीतरी हरवलं होतं.

त्या दिवशी मी काय बोलले होते ते सांगते.

दहावीची परीक्षा संपली आणि माझी झोप गेली. चार दिवस डोळ्याला डोळा नाही. आणि थकवाही नाही. बरं वाटत होतं, हे मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. लई बरं वाटत होतं. दोन लाँगबुकं मी लिहून भरली. शेजारच्या तीन घरांची भांडी घासून दिली. बोलता बोलता माझं बोलणं माझ्याच पुढं पळायचं. पाचव्या दिवशी सकाळी मी वखारीत गेले, तंबाखूच्या पोत्यांच्या थप्पीवर चढले आणि भाषण ठोकलं.

म्हटलं, तंबाखू चाळायला चाळणीवर बसलेल्या बायकांना लघवीला सोडत नाहीत. नाकातोंडात तंबाखूची धूळ जाते आणि तोंडाला बांधायचं फडकं बायकांनी घरून आणायचं. खोकला आला की उद्यापासून येऊ नको म्हणतात. म्हटलं, वैनीसाहेब, तुम्ही एक दिवस बसून दाखवा. आणि त्याच दमात हेही म्हटलं की मी दिल्लीला पत्र लिहिलंय, उत्तर आलंय, सोमवारपासून ही वखार माझ्या नावावर आहे, तंबाखू जाळून इथं विमानतळ करायचाय.

बायका हसल्या. एक-दोघी रडल्या. आई खालून हात जोडून म्हणत होती, "उतर गं बाई, उतर." वैनीसाहेब दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. विमानतळाचं त्यांनी हसण्यावारी नेलं. लघवीचं नाही.

माझे वडील, आप्पा, बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला. रविवारी घरी यायचे. त्यांना फोन गेला. ते आले, एसटीत मला खिडकीशी बसवून माझा हात घट्ट धरून बेळगावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं मी सतरा दिवस होते. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी डोंगरावर, कधी विहिरीत. नववीत मी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेव्हा सगळे मला आळशी म्हणाले होते. ती विहीर होती. आता हा डोंगर. दोन्ही एकाच आजाराचे.

औषध दिलं लिथियमचं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई आप्पांना आणि मला समोर बसवून म्हणाल्या, "दर महिन्याला रक्त तपासायचं. पाणी भरपूर प्यायचं. मीठ रोजच्यासारखं खायचं, उपास-तापास काही नाही. मीठ सोडलं तर हेच औषध अंगात साठतं, विष होतं. तिळीता? कळलं?"

कळलं. तेव्हा कळलं.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वैनीसाहेबांचं बोलावणं. आई आणि मी त्यांच्या दारात, पायरीखाली उभ्या.

"तुमी लोकांनी देव सोडलासा," त्या म्हणाल्या. "म्हणून हे. देव्हारा नदीत बुडवला तुमच्या म्हाताऱ्यानं. देवी काय गप बसती?"

खरं होतं. माझ्या आजोबांनी देव्हारा वेदगंगेत सोडला होता. गावात त्याची गोष्ट सांगायचे. आमच्या खोलीत भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि फळीवर बुद्धाची मूर्ती, एवढंच. नवस आमच्या घरात मी कधी पाहिला नव्हता.

"आमच्या देवीच्या नावानं एकवीस दिवस अळणी खायचं हिनं," वैनीसाहेब म्हणाल्या. "दुपारचं वखारीत, माझ्या डोळ्यासमोर. करत असंल तर ऱ्हावा खोलीत. येड्या पोरीला मी कशी ठेवून घिऊ? कामावरच्या बायका घाबरत्यात."

मी म्हटलं, "वैनीसायेब, डॉक्टरांनी मीठ सोडू नको म्हणून सांगितलंय. औषधाचं विष हुतंय."

त्या माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "दिल्लीचं पत्र आलंय म्हणणारी हीच न्हवं?"

आणि आई मला म्हणाली, "गप बस गं."

इथं माझी गोची झाली. आजवर मला कुणी गप बस म्हटलं की मी उलट बोलायचे. पण आता वैनीसाहेबांच्या त्या एका वाक्याने माझी जीभ बसली. दिल्लीचं पत्र मला खरंच आलं होतं. म्हणजे आलं नव्हतं, पण मला ते दिसलं होतं, त्यावरचा शिक्का दिसला होता. मग डॉक्टरीणबाईंचं मिठाचं बोलणं? तेही तसंच असलं तर? आम्ही जेव्हा समोर बसलो होतो तेव्हा माझं डोकं अजून पुरतं ताळ्यावर आलं नव्हतं. दवाखान्याची फाईल आप्पांकडे, उद्यमबागेत. दर महिन्याची गोळी तेच आणणार होते. खात्री करायला माझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. ज्याचं डोकं एकदा त्याला फसवतं, तो पुढं स्वतःच्या डोक्याला कसा विचारणार?

आईला म्हटलं, आप्पांना फोन करू. आई म्हणाली, "त्येंना कळलं तर त्ये भांडत येतील. खोली जाईल, काम जाईल. माझ्या गळ्याशपथ, आप्पास्नी सांगू नगंस." आणि माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. आईचा गळा घामाने ओला होता. मे महिना, डोक्यावर पत्रा. मी हात काढून घेतला आणि गप बसले.

आईचा नवसावर विश्वास बसला होता की ती नुसती घाबरली होती, मला अजून सांगता येत नाही. तिलाही येत नसावं. चपलेने मीठ पाडलं त्या पहिल्याच संध्याकाळी मिठाची बरणी तिने शेजारणीकडे नेऊन ठेवली. स्वतःही ती माझ्याबरोबर घरात अळणी खायला लागली. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावायचं?

सहाव्या दिवशी रविवार. आप्पा आले. त्यांच्या ताटासाठी आईने शेजारून मीठ मागून आणलं. जेवताना आप्पांनी माझ्या ताटातली वांग्याची भाजी बोटाने चाखली. लहानपणापासूनची त्यांची खोड.

"अळणी हाय की गं!"

आई म्हणाली, "इसरले असंन."

आप्पांनी स्वतःच्या ताटातलं मीठ चिमटीत घेऊन माझ्या ताटात ठेवलं. मी मिठाकडे बघत बसले. आईने माझ्याकडे बघितलं, गळ्यावरून पदर सारखा केला. मला एकच प्रश्न विचारायचा होता. आप्पा, डॉक्टरांनी मिठाचं काय सांगितलं होतं? एवढंच. ओठापर्यंत आलं. आणि मी बोटाने ते मीठ ताटाच्या कडेला सारलं. आप्पा संध्याकाळच्या गाडीने गेले.

वैनीसाहेबांनी मीठ चपलेने पाडलं. आप्पांनी दिलेलं मी माझ्या हाताने सारलं. पहिल्याचा मला राग येतो. दुसऱ्याचं काय करायचं ते कळत नाही.

आठव्या दिवसापासून हात कापायला लागले. आधी बोटं, मग मनगट. पाण्याचा तांब्या धरला की अर्धं पाणी अंगावर. वैनीसाहेबांनी बघितलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "बघा, अंगातलं निघाय लागलंय." नवव्या दिवशी उलट्या आणि जुलाब. चालताना जमीन तिरकी व्हायची. तरी सकाळ-संध्याकाळ गोळी मी चुकवली नाही. डॉक्टरांनी चुकवू नको म्हणून सांगितलं होतं, आणि हे मात्र आईलाही आठवत होतं. रोज गोळी, रोज अळणी. शहाण्या मुलीसारखी मी विष साठवत होते.

दहाव्या दिवशी दुपारी वखारीच्या अंगणात पोत्यावर बसले आणि उठता येईना. मान लटलटायला लागली. बोलायला गेले तर जीभ तोंडात मावेना. मला म्हणायचं होतं, मीठ द्या, डॉक्टरांना बोलवा. तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा. सगळं अंग थडथड उडत होतं.

कुणीतरी ओरडलं, "अंगात आलंय!"

मग काय. सगळं अंगण उठलं. हळद आली, कुंकू आलं, लिंबू आलं. माझ्या कपाळावर मळवट भरला. कुणीतरी माझे केस सोडले. आणि वैनीसाहेब, त्याच वैनीसाहेब, चप्पल काढून, डोक्यावर पदर घेऊन माझ्यासमोर मातीत गुडघ्यावर बसल्या. माझ्या पायाला हात लावला. "आई, काय चुकलं असंल तर पदरात घे," म्हणाल्या. "काय पायजे तुला, बोल."

मी बोलत होते. मीठ. मीठ. मीठ.

मी शुद्धीत, स्पष्ट मराठीत सांगितलं तेव्हा मी येडी होते. आता माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि बावीस बायका माझ्या पाया पडत होत्या. मला आतून सगळं कळत होतं. हेच वाईट होतं. मी बेशुद्ध असते तर बरं झालं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फरक इतकाच की वर हळदकुंकू लावून.

आई पाया पडली नाही. ती लांब उभी होती. मग ती बायकांना ढकलत आत आली, माझ्या कपाळावरचा मळवट तिने पदराने खसाखसा पुसला आणि किंचाळली, "माझ्या लेकीच्या अंगात कोन न्हाय! रिक्षा बोलवा कुनीतरी! माझी पोरगी मरतीया!"

मी आईचा असा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यानंतरही नाही.

निपाणीच्या दवाखान्यातून ॲम्ब्युलन्सने बेळगावला. हाताच्या शिरेत सुई, वर सलाइनची बाटली. नंतर नर्सने सांगितलं तेव्हा कळलं, सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. चपलेने पाडलेली चिमूट आता थेंब थेंब रक्तात चालली होती.

डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन आल्या. "मीठ कुणी सोडायला लावलं?"

आप्पांनी आईकडे बघितलं. आईने हात जोडले. डॉक्टरीणबाई चिडून आईला म्हणाल्या, "मुलगी मरत होती, कळतं का? मूत्रपिंड गेलं असतं. अडाणी लोक तुम्ही." आई नुसती मान हलवत होती, हो म्हणून. मला म्हणायचं होतं, डॉक्टर, आईला बोलू नका, तिच्या डोक्यावर पत्रा दुसऱ्याचा आहे. जीभ अजून जड होती. कुणालाच काही समजलं नाही. नर्सने माझ्या तोंडाशी पाणी धरलं.

पण रिपोर्ट बघून मला एक गोष्ट कळली आणि मी ती घट्ट धरली. मिठाचं बोलणं खरं होतं. दिल्लीचं पत्र खोटं होतं, मिठाचं खरं होतं. माझ्या डोक्यात दोन्ही शेजारी शेजारी राहत होती आणि मला खरं कुठलं ते शोधता आलं नव्हतं. मग मी पडल्या पडल्या थप्पीवरचं भाषण आठवलं. विमानतळ खोटा. लघवीचं? खरं. फडक्याचं? खरं. खोकल्याचं? खरं. आजाराने मला खोटं दाखवलं तसं खरं बोलायला तोंडही दिलं होतं. खरं ते आता परत आजाराकडून मागून घ्यायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला घरी सोडताना एक सवय लावून दिली. काही मोठं बोलावंसं, करावंसं वाटलं की आधी स्वतःला विचारायचं. रात्री झोप झाली का? बोलणं पळतंय का? कालही हेच वाटत होतं का?

जूनमध्ये निपाणीला परत आलो. दुसऱ्या दिवशी वैनीसाहेबांचा निरोप. देवीचं अर्धवट राहिलंय. आता पहिल्यापासून एकवीस दिवस. नाहीतर खोली रिकामी करा.

आप्पा भांडायला निघाले. आईने त्यांना दारात अडवलं. दोघांचं सुरू झालं, आणि आमच्या घरात माझ्यावरून भांडण सुरू झालं की मला नेहमी वाटायचं, आपण नसतो तर बरं. त्या दिवशीही वाटलं. वाटलं आणि तरी मी उठले. स्वतःला विचारलं. झोप? सात तास. बोलणं? पळत नाही, उलट जड आहे. कालही हेच वाटत होतं का? दवाखान्यात पडले तेव्हापासून रोज. मी डबा भरला. भाकरी, झुणका आणि कागदाच्या पुडीत मीठ.

दुपारची सुट्टी. मी चार हात लांबच्या पोत्यावर बसले नाही. बायकांमध्ये बसले. डबा उघडला, पुडी सोडली, मिठाची चिमूट भाकरीशेजारी ठेवली. थोडं मीठ मांडीवर सांडलं. आईही तोवर पाठोपाठ आली होती, पण बसली नाही.

वैनीसाहेब बाहेर आल्या. "हे काय?"

"मीठ."

"देवी सोडायची न्हाय तुला."

"देवी न्हवती ती, वैनीसायेब. औषध अंगात साठलं हुतं. तुमी माझ्या पाया पडलासा, तवा मी मीठ मागत हुते."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच थांबलं. वैनीसाहेबांचं तोंड लाल झालं. मला माहीत होतं त्या काय म्हणणार. तेच म्हणाल्या.

"परत चढलं हिला. धरा गं कुनीतरी."

एक बाई अर्धी उठली. माझ्याकडे बघितलं. परत बसली.

"चढलं न्हाय," मी म्हटलं. "रात्री झोपलेय. गोळी खाल्लीय. रक्त तपासून आलेय. त्या दिवशी आजारात बोलले, म्हणून आज परत सांगते. विमानतळ सोडून बाकी सगळं खरं हुतं. बायकांना लघवीला सोडत न्हाईसा. फडकं देत न्हाईसा. खोकली की काढून टाकतासा. आणि माझ्या भाकरीला चप्पल लावलीसा. मी मीठ सोडणार न्हाय."

मोठ्याने बोलले नाही. थप्पीवरही चढले नाही.

"आजच्या आज खोली रिकामी करा," वैनीसाहेब म्हणाल्या.

मी भाकरी मिठाला लावून खाल्ली. सगळी खाल्ली. मग उठले.

बायका माझ्या मागे उभ्या राहिल्या, असं काही झालं नाही. सुट्टी संपली, त्या चाळणीवर गेल्या. आईचं वीस वर्षांचं काम गेलं. सामान टेम्पोत भरताना आई मला म्हणाली, "माझं वीस वर्साचं तू दोन मिंटात केलंस. तुझं खरं हुतं. पन मला इचारायचं तरी." ते मला लागलं. तिचंही खरं होतं. मी तिला विचारलं नव्हतं, कारण तिने पुन्हा माझा हात गळ्यावर ठेवला असता.

आता आम्ही बेळगावात आप्पांच्या कारखान्याजवळ एका खोलीत राहतो. आई दोन घरचा स्वयंपाक करते. इथल्या कुणाला ती माझं सांगत नाही, मलाही सांगू देत नाही. आजार गेलेला नाही. गेल्या थंडीत मी परत विहिरीत होते, पीयूसीची, म्हणजे अकरावीची, एक परीक्षा बुडाली. औषधाने हात कापतो, चहाचा कप धरला की बशीत वाजतो. लेक्चररबाई विचारतात, घाबरतेस का एवढी? मी कप खाली ठेवते. कधी वाटतं, हे असंच जन्मभर.

वखारीतली एक बाई परवा निपाणीहून आलेली, इथल्या बाजारात भेटली. म्हणाली, फडकी अजून घरूनच आणायची. लघवीचंही तसंच.

मी खरं बोलते की आजारात बोलते, हे तपासायचा हक्क मी झोपेच्या तासांना दिलाय, रक्ताच्या रिपोर्टला दिलाय, डॉक्टरीणबाईंना दिलाय. वैनीसाहेबांना दिलेला नाही. आईलाही नाही. आणि त्या पोत्यांच्या थप्पीवर मला परत एकदा चढायचं आहे. रात्रीची झोप पुरी करून, गोळी घेऊन, मिठाची भाकरी खाऊन. विमानतळाचं काही बोलणार नाही. बाकीचं सगळं बोलणार, आणि या खेपेला कुणी उतर म्हटलं तरी पुरं झाल्याशिवाय उतरणार नाही.